मंद विस्तार (महारणनीती खेळ)

मंद विस्तार ही संगणकावरील महारणनीती खेळांत, म्हणजे ग्रँड स्ट्रॅटेजी गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळप्रकारात, वापरली जाणारी एक खेळपद्धती आहे. या पद्धतीत खेळाडू मिळेल तेवढा प्रदेश जिंकत सुटत नाही. तो एका वेळी थोडा प्रदेश घेतो, तो आपल्या राज्यात मुरू देतो आणि त्यानंतरच पुढच्या युद्धाकडे वळतो. प्राचीन जगावर आधारित खेळांत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. अशा खेळांत नकाशावरील प्रदेशाचा रंग एका तहाने बदलतो. परंतु तेथील लोकांची निष्ठा, संस्कृती आणि करभरणा बदलण्यास अनेक दशके लागतात. जिंकणे आणि राज्य करणे यांतील हा फरक इतिहासातही आढळतो. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे तालुके ज्या अपरान्त प्रदेशात मोडतात, तेथील सातवाहनकालीन सत्तासंघर्ष हे त्याचे एक चांगले उदाहरण आहे.

संकल्पना

विस्तारावर आधारित संगणकीय रणनीती खेळांना 'फोर-एक्स' असे म्हटले जाते. अ‍ॅलन एमरिक यांनी १९९३ मध्ये 'मास्टर ऑफ ओरायन' या खेळाविषयी लिहिताना ही संज्ञा वापरली. शोध, विस्तार, संसाधनांचा उपयोग आणि शत्रूचा नाश ही या खेळांची चार अंगे मानली जातात. सुरुवातीच्या अनेक खेळांत विस्ताराला फारशी किंमत मोजावी लागत नसे. ज्याच्याकडे अधिक शहरे, त्याच्याकडे अधिक उत्पन्न; आणि अधिक उत्पन्नातून अधिक सैन्य, असे चक्र एकदा सुरू झाले की खेळाचा निकाल जवळजवळ ठरलेलाच असे.

हे चक्र रोखण्यासाठी खेळरचनाकारांनी विस्तारावर निरनिराळे भार घातले. 'सिव्हिलायझेशन ४' (२००५) या खेळात शहरांची संख्या आणि राजधानीपासूनचे अंतर वाढले की देखभालीचा खर्च वाढतो. 'फील्ड ऑफ ग्लोरी: एम्पायर्स' (२०१९) या प्राचीन काळावरील खेळात मोठ्या राज्यांत ऱ्हास साचत जातो आणि सांस्कृतिक बळ अपुरे पडल्यास राज्य खिळखिळे होते. अशा नियमांमुळे लहान पण सुसंघटित राज्य चालवणे हा वेगवान दिग्विजयाला खरा पर्याय ठरला.

'इम्पेरेटर: रोम'मधील यंत्रणा

'इम्पेरेटर: रोम' हा स्वीडनमधील पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओने तयार केलेला खेळ २५ एप्रिल २०१९ रोजी प्रकाशित झाला. खेळ रोम नगराच्या स्थापनेपासूनच्या ४५० व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ३०४ मध्ये, सुरू होतो आणि इ.स.पू. २७ मध्ये संपतो. युरोपच्या पश्चिम किनाऱ्यापासून भारतापर्यंतचा प्रदेश त्याच्या नकाशावर आहे. प्रारंभी भारतात मौर्य साम्राज्य ही सर्वांत मोठी सत्ता असते. खेळातील काळ सतत पुढे सरकतो. मात्र खेळाडूला तो हवा तेव्हा थांबवता येतो.

या खेळात विस्ताराचा वेग प्रामुख्याने तीन गोष्टींनी मर्यादित होतो.

लोकघटक: प्रत्येक स्थळाची लोकसंख्या लहान लहान घटकांत विभागलेली असते. प्रत्येक घटकाला स्वतःची संस्कृती, धर्म आणि सामाजिक स्तर असतो. सरदार, नागरिक, स्वतंत्र प्रजा, टोळीवासी आणि गुलाम असे हे स्तर आहेत. जिंकलेल्या प्रदेशातील लोक आपली संस्कृती आणि धर्म लगेच सोडत नाहीत. त्यांचे समाधान कमी असल्याने त्यांच्याकडून मिळणारे उत्पन्नही कमी राहते. प्रांताधिकाऱ्याचे धोरण, नाट्यगृहे आणि मंदिरे यांमुळे एकेक घटक हळूहळू राज्याच्या संस्कृतीत किंवा धर्मात सामावतो.

आक्रमक विस्तार: प्रदेश जिंकला की 'आक्रमक विस्तार' हा निर्देशांक वाढतो. तो चढा असताना शेजारी राज्यांचे मत कलुषित होते आणि राज्यातील परकीय संस्कृतींच्या लोकांत असंतोष वाढतो. शांततेच्या काळात तो हळूहळू उतरतो. त्यामुळे दोन युद्धांमधील अंतर हेच मंद विस्ताराचे मुख्य साधन ठरते.

निष्ठा: प्रांतांप्रमाणेच सेनापती, प्रांताधिकारी आणि प्रमुख घराणी यांनाही निष्ठा असते. मोठ्या घराण्यांना पदे मिळाली नाहीत तर ती दुरावतात. निष्ठा गमावलेल्या व्यक्तींच्या हाती पुरेशी सत्ता एकवटली, तर राज्यात यादवी युद्ध सुरू होते. बाहेर एकही लढाई न हरता राज्य कोसळण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या 'मॅरियस' या २.० आवृत्तीने या रचनेत महत्त्वाचा बदल केला. परकीय संस्कृतीला नागरिकत्वाचे हक्क देऊन राज्यात समाविष्ट करून घेण्याची सोय तिने दिली. समाविष्ट संस्कृतीच्या लोकांतून सैन्य उभारता येते. पण अशी प्रत्येक संस्कृती आधीपासून हक्क असलेल्यांचे समाधान कमी करते. जिंकलेल्या लोकांना आपल्यासारखे करावे की ते आहेत तसे सत्तेत वाटेकरी करून घ्यावेत, हा निर्णय त्यामुळे खेळाच्या केंद्रस्थानी आला. एप्रिल २०२१ मध्ये खेळाचा पुढील विकास थांबवण्यात आला. त्यानंतर 'इन्व्हिक्टस' या खेळाडूंनी तयार केलेल्या रूपांतराद्वारे त्यात भर पडत राहिली.

मोहिमेचे सर्वसाधारण टप्पे

मंद विस्ताराची मोहीम बहुधा लहान किंवा मध्यम राज्यापासून सुरू होते. पहिली काही वर्षे राजधानीची बांधणी, व्यापारमार्ग, खजिना आणि घराण्यांचे समाधान यांवर खर्च होतात. बलाढ्य शेजाऱ्याशी मैत्री किंवा बचावाचा करार करून एक सीमा निर्धास्त केली जाते.

दुसऱ्या टप्प्यात खेळाडू एका वेळी एकच प्रांत लक्ष्य करतो. त्यावर आधी हक्क सांगितला जातो, कारण समर्थनीय कारणाशिवाय केलेले युद्ध महागात पडते. तह करताना मिळू शकेल तेवढा सर्व प्रदेश न मागता प्रांत पूर्ण होईल एवढाच घेतला जातो. अर्धवट प्रांतांपेक्षा पूर्ण प्रांत सांभाळणे सोपे असते.

तिसरा टप्पा प्रतीक्षेचा असतो. आक्रमक विस्ताराचा निर्देशांक उतरेपर्यंत नव्या प्रांतात रस्ते व इमारती बांधल्या जातात आणि प्रांताधिकाऱ्याची निवड सैनिकी कर्तबगारीपेक्षा निष्ठा पाहून केली जाते. जेथे थेट राज्य करणे परवडत नाही, तेथे स्थानिक सत्ताधीशाला मांडलिक म्हणून कायम ठेवले जाते. मांडलिकाचा प्रदेश पुढे शांततेच्या मार्गाने विलीन करता येतो. हे तीन टप्पे खेळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा येतात.

ऐतिहासिक उदाहरण: अपरान्त

अपरान्त हे कोकणच्या, विशेषतः उत्तर कोकणच्या, किनारपट्टीचे प्राचीन नाव आहे. सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे अवशेष सापडले असून, त्यावरून या किनाऱ्यावरील मौर्य सत्तेचा पुरावा मिळतो. पेण धरमतर खाडीच्या परिसरात, तर रोहा कुंडलिका नदीच्या काठी आहे. कुंडलिकेच्या मुखाशी असलेले चौल बंदर 'पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासग्रंथात 'सेमिल्ला' या नावाने येते. दोन्ही गावांच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याशी सुधागड तालुक्यात ठाणाळे आणि खडसांबळे येथे बौद्ध लेणी आहेत. बंदर, खाडी, घाटवाट आणि घाटमाथा अशी ही साखळी ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे पश्चिमेकडील सागरी व्यापाराची जकात येत असे.

इ.स.च्या पहिल्या दोन शतकांत या प्रदेशावरील वर्चस्व अनेकदा बदलले. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने सोपारा, नाशिक आणि अन्यत्र केलेल्या दानांची नोंद नाशिकच्या लेण्यांत आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीत नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उमटवली होती. राजमाता गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात गौतमीपुत्राच्या ताब्यातील देशांत अपरान्ताचा समावेश आहे. मात्र इ.स. १५० च्या जुनागढ लेखात शक महाक्षत्रप रुद्रदामन हाही अपरान्तावर आपली सत्ता सांगतो. सातकर्णीला दोनदा हरवूनही निकटच्या नात्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही, असे त्याच लेखात म्हटले आहे.

वरचे सत्ताधीश बदलत असताना स्थानिक घराणी मात्र आपल्या जागी दिसतात. रोह्याच्या दक्षिणेस, तळा तालुक्यात राजपुरी खाडीजवळ असलेल्या कुडे लेण्यांतील लेखांत मांदव घराण्यातील महाभोजांचा उल्लेख येतो. महाभोज मांदव खंदपालित याचा लेखक शिवभूती याने तेथे लेणे दान केले. याच लेण्यांच्या दात्यांत माळी, वैद्य आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहेत. महाड येथील लेण्यांत कानभोज विष्णुपालित या कुमाराचे नाव आहे. घाटमाथ्यावर कार्ले येथे महारठी दाते आढळतात. त्यांपैकी सोमदेव याने पुळुमावीच्या सातव्या राज्यवर्षी एक गाव दान दिले. मावळातील बेडसे लेण्यांतील लेखात दान करणारी सामडिनिका ही महाभोजाची कन्या आणि महारठी घराण्यातील स्त्री होती. किनारा आणि घाटमाथा यांच्यातील सत्ताधारी घराणी विवाहसंबंधांनी जोडलेली होती, हे यावरून दिसते.

विजयानंतरच्या कामाची संथ गती नाशिकच्या दोन लेखांत स्पष्ट होते. गौतमीपुत्राने अठराव्या राज्यवर्षी आपल्या विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली. पूर्वी उषवदाताकडे असलेले अपर कखडी गावातील २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे, अशी ती आज्ञा होती. सहा वर्षांनी, चोविसाव्या राज्यवर्षी, राजा आणि राजमाता यांच्या नावे दुसरी आज्ञा निघाली. कखडीचे शेत कसले जात नाही आणि गावात वस्तीही नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत, असे तीत म्हटले आहे. शत्रूची जमीन ताब्यात आली होती. पण तीवर पीक उभे राहिले नव्हते.

खेळ आणि इतिहास यांतील फरक

'इम्पेरेटर: रोम'चा कालखंड इ.स.पू. २७ मध्ये संपत असल्याने नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यातील संघर्ष त्यात येत नाही. वरील तुलना तत्त्वाची आहे, प्रसंगाची नाही. खेळातील मांडलिक, समाविष्ट संस्कृती आणि प्रमुख घराणी या कल्पनांशी महाभोज आणि महारठी यांचे स्थान अंशतः जुळते. खेळाडूला मात्र प्रत्येक स्थळाची निष्ठा आकड्यांत दिसते. प्राचीन राजाला ती अमात्यांकडून येणाऱ्या वार्तेवरूनच कळत असे, आणि कखडीच्या उदाहरणात ती वार्ता आज्ञेत उमटण्यास सहा वर्षे लागली.

खेळात प्रजेने राज्याच्या संस्कृतीत मिसळणे ही प्रगती मानली जाते. अपरान्तातील लेखांत तसे एकरेषीय चित्र दिसत नाही. धर्मदाने, विवाह, व्यापार आणि नाणी यांतून वेगवेगळे गट एकमेकांशी जोडले गेले, पण त्यांनी आपल्या पदव्या आणि घराण्यांची नावे टिकवली. शिवाय खेळाच्या नकाशावर प्रत्येक स्थळाला एकच मालक असतो. लेखांतील 'अपरान्त' हा शब्द मात्र कधी प्रत्यक्ष ताबा, तर कधी केवळ वर्चस्वाचा दावा सूचित करू शकतो.

फायदे आणि मर्यादा

मंद विस्तारामुळे बंडे आणि यादवी टळतात, खजिन्यात शिल्लक राहते आणि एखादे युद्ध हरले तरी राज्य सावरते. शिकाऊ खेळाडूला खेळातील अर्थव्यवस्था व राजकारण समजून घेण्यास सवड मिळते. दुसरीकडे, खेळाडू थांबलेला असताना शेजारी वाढत राहतात. मौर्यांसारख्या महासत्तेच्या सीमेवरील लहान राज्याने फार काळ वाट पाहिली, तर आवाक्यातील प्रदेश आधीच गिळंकृत झालेले असतात. खेळाचा काळ पावणेतीनशे वर्षांपुरताच असल्याने अतिसावधपणा हीसुद्धा चूक ठरते. विस्ताराचा योग्य वेग राज्याच्या आकारापेक्षा मागील विजय किती मुरला आहे यावर अवलंबून असतो.

हेही पाहा

सातवाहन साम्राज्य
अपरान्त
कुडे लेणी
नाशिक लेणी
जुनागढ शिलालेख
रोहा तालुका
पेण तालुका