काळ्या अमेरिकेच्या मुलांची पुस्तके



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले ते आम्ही कामगार-चळवळीवर बोलू, अशा समजुतीने. आमचा विषय ऐकून त्यांच्या कपाळावर जी आठी उमटली ती आमच्या नजरेतून सुटली नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपला वगळला गेलेला इतिहास मुलांच्या पुस्तकांत कसा आणला, हा युनियनच्या माणसाचा विषय कसा, असे त्यांस वाटले असावे. त्याचा निवाडा आपणच करावा. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा एका वाचकाचे बोलणे म्हणून हे ऐकून घ्यावे.

या गोष्टीचा आरंभ कोळशाच्या खाणीत आहे. १८९० नंतरच्या त्या वर्षांत वेस्ट व्हर्जिनियातील खाणींत कार्टर वुडसन नावाचा एक तरुण पोर कोळसा काढीत होता. आईबाप गुलामीत जन्मलेले. त्याच ठिकाणी ऑलिव्हर जोन्स नावाचा एक कृष्णवर्णीय खाणकामगार राहत असे. यादवी युद्धात लढून आलेला. जोन्सला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु घरात त्याने आपल्या लोकांची पुस्तके आणि वर्तमानपत्रे जमवून ठेवली होती. काम सुटले की खाणकामगार त्याच्याकडे येऊन बसत. या पोराला वाचता येते असे कळल्यावर जोन्सने त्याला सर्वांसाठी मोठ्याने वाचावयास बसवले. मोबदला काय, तर फळे आणि आइस्क्रीम! गिरणगावच्या चाळीत एकाने वर्तमानपत्र वाचावे आणि दहाजणांनी ऐकावे, हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे चित्र परके वाटू नये. वाचन झाले की लढाईच्या आठवणी निघत, गुलामीतले दिवस निघत. आपल्या लोकांचा भूतकाळ खणून काढण्याची ओढ तेथे वाढली, असे वुडसनने पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे.

हा पोर विसाव्या वर्षी हायस्कुलात गेला आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाचा डॉक्टर झाला. १९१५ साली त्याने इतिहास-संशोधनाची संस्था स्थापिली, १९२६ च्या फेब्रुवारीत 'नीग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. (हा शब्द आता टाकला गेला आहे, त्या काळी त्या लोकांनी तो मानाने स्वीकारला होता.) आमच्या मते याहूनही मोठी गोष्ट १९२१ सालची. त्या वर्षी वुडसनने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. गोऱ्या प्रकाशकांच्या दारात हस्तलिखिते घेऊन किती दिवस बसावयाचे? १९२८ साली त्याच संस्थेकडून लहान मुलांसाठी इतिहासाचे पुस्तक निघाले, आफ्रिकेतील लोककथांचे पुस्तक निघाले. १९३७ पासून शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी एक मासिकपत्रही चालू झाले. संप करावयाचा तर आधी निधी लागतो, तसे इतिहास सांगावयाचा तर आधी छापखान्याची सोय लागते, हे या खाणकामगाराच्या पक्के ध्यानात होते.

दुसरा प्रयत्न डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा. हे नाव आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी यांनाच पत्र लिहिले होते आणि डु बॉइस यांनी त्याचे उत्तरही धाडले होते. डु बॉइस 'क्रायसिस' मासिकाचे संपादक. वर्षातून एकदा ते मुलांचा अंक काढीत. पण मासिक पडले चळवळीचे. जमावाने कोणाला कोठे फासावर लटकावले, कोठे दंगल झाली, हे छापणे भागच. आणि जवळजवळ दरवर्षी मुलांच्या अंकातही एखादी भयंकर हकीकत येऊन बसे. एका मुलीने पत्र लिहिले, की मला माझ्या लोकांविषयी अधिक जाणून घ्यावयाचे आहे. आणि पुढे लिहिले, की गोरा मनुष्य माझा जितका द्वेष करतो तितकाच, कदाचित अधिकच, मी त्याचा करते. संपादक हादरले. मुलाला सत्य सांगितले तर ते द्वेष शिकते, न सांगितले तर आपण कोण हेच त्याला कळत नाही. या पेचात आमच्यासारखे पुष्कळजण मुलाला काहीच न सांगण्याची सोपी वाट धरतात.

डु बॉइस यांनी जेसी फॉसेट आणि ऑगस्टस डिल यांच्या साह्याने जानेवारी १९२० मध्ये 'ब्राउनीज बुक' हे मुलांचे मासिक काढले. अंकाची किंमत १५ सेंट. हॅरिएट टबमन, हैतीचा तूसाँ लूव्हेर्त्यूर अशांची चरित्रे त्यात येत. खेळ, कोडी, परीकथा येत. मुलांची पत्रे आणि छायाचित्रे येत. शाळेतून बाहेर पडलेल्या लँग्स्टन ह्यूज नावाच्या एका मुलाच्या पहिल्या कविता १९२१ साली येथेच छापल्या गेल्या. पुढे तो मोठा कवी झाला. मासिक मात्र डिसेंबर १९२१ मध्ये, चोवीस अंकांनंतर, बंद पडले. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत. युनियनची पत्रिका ज्यांनी चालवली आहे त्यांस यापेक्षा अधिक सांगावयास नको.

यानंतर मोठ्या प्रकाशकांची काय स्थिती होती? १९६५ साली नॅन्सी लॅरिक या गोऱ्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक हिशेब मांडला. न्यूयॉर्कच्या बालवाडीत एका पाच वर्षांच्या काळ्या मुलीने चित्रांचे पुस्तक पाहून विचारले होते, की ही मुले नेहमी गोरीच का असतात? बाईंनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील पुस्तकांची प्रकाशकांकडून मोजदाद करवली. ५,२०६ पुस्तकांपैकी काळा मनुष्य चित्रात वा मजकुरात कोठेतरी दिसतो अशी पुस्तके ३४९. शंभरात सात देखील नाहीत! आणि 'दिसतो' म्हणजे कित्येकदा गर्दीत एक चेहरा, एवढेच. मालक वेतनवाढीचे आकडे सांगतो तेव्हा कोणाला किती हे विचारावे लागते. या बाईंनी नेमके तेच विचारले.

येथे घरची एक आठवण सांगतो. आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. १९८२ चा संप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. घरात चूल पेटण्याची मारामार, आणि इतिहासाच्या तासाला गिरण्यांची भरभराट पाठ करीत होतो. पुस्तकात गिरणी होती, गिरणीचा मालक होता. साच्यावर उभा राहणारा त्यात कोठेच नव्हता.

काळा मनुष्य पुस्तकात आला म्हणजे झाले, असेही नव्हे. २०१६ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकची गोष्ट सांगणारे एक चित्रपुस्तक निघाले. त्यात वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलिस हसतमुखाने केक करतो. लोकांनी एवढा गिल्ला केला की प्रकाशकाला पुस्तक मागे घ्यावे लागले. खरा हर्क्युलिस २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, म्हणजे नेमका धन्याच्या वाढदिवशी, पळून गेला होता! मुलांना यापेक्षा रंजक गोष्ट कोणती हवी? आणि त्या पुस्तकाची चित्रकार स्वतः कृष्णवर्णीय होती, हेही सांगितले पाहिजे. आपल्यातल्याने लिहिले वा काढले म्हणून ते खरे उतरेल, अशी हमी कोणी देऊ नये.

आमचे आवडते पुस्तक मात्र पॅट्रिशिया आणि फ्रेडरिक मकिसॅक या जोडप्याचे. बाई मिसूरीत शिक्षिका होत्या. पॉल लॉरेन्स डनबर हा कृष्णवर्णीय कवी वर्गात शिकवावयाचा, तर मुलांना देण्याजोगे त्याचे चरित्रच मिळेना. तेव्हा पुढे त्यांनी ते स्वतःच लिहिले. नवरा इंजिनियर, तो कागदपत्रे धुंडाळी, बाई लिहीत. १९८९ साली त्यांनी पुलमन पोर्टरांचा इतिहास मुलांसाठी लिहिला. आगगाडीच्या शयनडब्यांत बिछाने घालणारे, बूट पुसणारे, सामान उचलणारे हे कृष्णवर्णीय नोकर. महिन्याला चारशे तास काम, म्हणजे रोजचे तेरा तास पडले. उतारू त्यांना 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारीत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखावे तशी ही रीत. २५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांची युनियन झाली. नेता ए. फिलिप रँडॉल्फ; तो स्वतः पोर्टर नव्हता, म्हणून कंपनीला त्याला कामावरून काढता येईना! बारा वर्षे झगडा चालला. २५ ऑगस्ट १९३७ रोजी करार झाला आणि चारशेचे दोनशे चाळीस तास झाले.

हे पुस्तक आम्ही युनियनच्या कचेरीत, रविवारी येणाऱ्या सभासदांच्या मुलांना, मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले. तासांचा हिशेब त्यांना पटला, कराराच्या वेळी त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मग दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "पण काका, त्यांची खरी नावं काय होती?"

आम्ही पाने उलटली आणि फळ्यावर लिहिले: मिल्टन वेबस्टर, शिकागो. ॲशले टॉटन, न्यूयॉर्क. सी. एल. डेलम्स, ओकलंड. तिने ती वहीत उतरवून घेतली, आणि शेजारच्या मुलाने 'जॉर्ज' लिहिले होते ते खोडावयास लावले.