दुसऱ्या ब्राउझरची साक्ष

छापखान्यात मजकूर जुळवणाऱ्याकडे त्याचीच मुद्रिते तपासायला देत नसत. स्वतःच्या हातचे सगळे बरोबरच दिसते; त्यासाठी दुसरा माणूस लागतो. वेबसाइट बनवणाऱ्यांच्या धंद्यात या दुसऱ्या माणसाचे काम दुसऱ्या ब्राउझरने केले. त्या हकिगतीशी आपल्या मराठी अक्षरांचाही संबंध आहे.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पाने आपल्याला दाखवणारा प्रोग्रॅम. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिला ब्राउझर लिहिला. त्यात पान वाचता येई, तसे दुरुस्तही करता येई. पुढच्या लोकप्रिय ब्राउझरांनी दुरुस्तीचा भाग सोडून दिला आणि पान वाचण्याचे साधन वेगळे, घडवण्याचे वेगळे, असे झाले.

१९९४ मध्ये नेटस्केप आला, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. दोघांच्या झुंजीत एक्सप्लोरर जिंकला, कारण तो विंडोजबरोबर आपोआप घरात येत होता. ऑगस्ट २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती निघाली आणि सातवी यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. पाच वर्षे स्वस्थता! स्पर्धकच उरला नाही, तर घाई कोणाला?

पण या पाच वर्षांत एक्सप्लोररच्या चुका हाच नियम होऊन बसला. पानावरच्या चौकटीची रुंदी जुना एक्सप्लोरर आतल्या मोकळ्या जागेसकट मोजी, तर प्रमाण नियम ती जागा वेगळी धरी. साइट बनवणारा एक्सप्लोररमध्ये पान पाही, नीट दिसले की हात झटके. ‘ही साइट एक्सप्लोररमध्येच पाहा’ अशी पाटी तर त्या काळी जागोजागी असे. आमचे पुस्तक अमुकच चष्म्याने वाचा, असे कोणी प्रकाशक म्हणाला असता तर आपण हसलो असतो.

मराठी साइटींची त्या वेळची गोष्ट याहून गंभीर आहे. बहुतेकांचा मजकूर खासगी फॉन्टात असे. आतले संकेत रोमन अक्षरांचे, वरून चढवलेला पोशाख देवनागरीचा. हा पोशाख पानाबरोबर उतरवून घेण्याची सोय एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीपासून होती, त्यामुळे तिथे सुंदर मराठी दिसे. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडले की कंस, टक्क्याची चिन्हे आणि रोमन अक्षरांचा ढिगारा. वाचक म्हणत, हा ब्राउझर वाईट. पण खरी साक्ष त्यानेच दिली होती. पानात मराठी नव्हतीच, फक्त मराठीचे चित्र होते. आणि म्हणून शोधयंत्राला त्यातला एक शब्दही सापडत नसे. (अनेक उर्दू वृत्तपत्रांनी तर सरळ पानांची छायाचित्रेच साइटवर ठेवली. तो निदान उघड कारभार होता.) युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती. औषध होते, रोग मात्र दिसत नव्हता.

दुसरा ब्राउझर आला तो पराभूत नेटस्केपच्या राखेतून. मार्च १९९८ मध्ये त्या कंपनीने आपल्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला आणि त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. तिला कोणीही नवे अवजार जोडू शकत असे. जानेवारी २००६ मध्ये जो हेविट यांनी फायरबग जोडले आणि वेब डेव्हलपरांचे दिवस पालटले. पानावरच्या कोणत्याही भागावर बोट ठेवावे, त्यामागचा कोड समोर हजर. समास वाढवावा, रंग बदलावा, पान तिथल्या तिथे बदलताना दिसावे. स्क्रिप्ट कोणत्या ओळीवर अडखळली, कोणते चित्र उतरायला किती वेळ लागला, सगळे कळे. बर्नर्स-लींचा हरवलेला अर्धा भाग एका अर्थाने परत मिळाला.

मग रीतच उलटली. आधी फायरफॉक्समध्ये नियमाप्रमाणे पान बांधायचे आणि नंतर एक्सप्लोररच्या लहरींसाठी ठिगळे लावायची. जुन्या फॉन्टातला भारतीय भाषांचा मजकूर वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलणारे ‘पद्मा’ नावाचे अवजारही फायरफॉक्सला मिळाले. फायरफॉक्सही निर्दोष नव्हता. दोन्ही कडा सरळ केलेल्या परिच्छेदात त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या जोडाक्षरे आणि वेलांट्या मोडून टाकत. ही खोड दिसायची ती अर्थात एक्सप्लोररमध्ये तेच पान पाहिल्यावर!

नॉर्वेच्या ऑपेरानेही अशी एक साक्ष दिली. मायक्रोसॉफ्टची एमएसएन साइट ऑपेराला मुद्दाम वेगळी मांडणी पाठवते आणि पान वाकडे दिसते, असे त्यांना आढळले. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी एक खास आवृत्तीच काढली. तिच्यात एमएसएनचा सारा मजकूर ‘मपेट्स’मधल्या स्वीडिश आचाऱ्याच्या बडबडीत दिसे. न्यायालयात न जाता केलेला असा प्रतिवाद मला फार आवडतो.

फायरबग २०१७ मध्ये थांबले, कारण तशी अवजारे आता ब्राउझरांतच असतात. एक्सप्लोररलाही १५ जून २०२२ रोजी निरोप मिळाला. पण ऑपेराने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० मध्ये गूगलच्या क्रोमचेच इंजिन घेतले. नावे अनेक, डोळा एकच. ठळकपणे वेगळे उरले ते फायरफॉक्स आणि अॅपलचा सफारी, आणि फक्त क्रोममध्ये पान पाहून हात झटकणारे पुन्हा भेटू लागले आहेत.

जुन्या फॉन्टातली मराठी पाने युनिकोडमध्ये आणलेली नसतील, तर ती आज कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडावीत. तो फॉन्ट संगणकात नसेल, तर सगळीकडे तोच ढिगारा दिसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)