बेडकाची कातडी आणि जवसाची चटणी : खानदेशच्या ताटातील तेलाची गोष्ट

१/ कोपर, गुडघे आणि मांड्या यांवर टोकदार, कोरड्या पुळ्या येतात. हात फिरवला की किसणीवरून फिरल्यासारखा वाटतो. या खरखरीत त्वचेसाठी 'नैसर्गिक आहार' आणि 'आजीचा बटवा' यांतले असंख्य उपाय आज सांगितले जातात. त्यांच्यामागचा खरा इतिहास मात्र जळगाव-धुळ्याच्या तेलघाण्यांपाशी घेऊन जातो. #धागा

२/ या विकाराला वैद्यकीय नाव मिळाले १९३३ साली. कोलंबोत काम करणारे डॉक्टर लुशियस निकोल्स यांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये त्याचे वर्णन केले आणि 'फ्रिनोडर्मा' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ बेडकाची कातडी. पूर्व आफ्रिकेतील मजुरांच्या अंगावर त्यांनी ती पाहिली होती. अ जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण असावे, असे त्यांचे मत होते.

३/ त्याआधी चार वर्षे, १९२९ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्णपणे वगळलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली आणि त्यांच्या कातडीवर खवले आले. तेलातील काही आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात, हे त्यातून सिद्ध झाले.

४/ यांतील मुख्य आम्लाचे नाव लिनोलिइक. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या तेलातच ते प्रथम ओळखले गेले, म्हणून हे नाव. खानदेशी माणसाला जवस नवा नाही. भाजलेला जवस, लसूण, मिरची आणि मीठ यांची कोरडी चटणी भाकरीवर घ्यायची आणि वर कच्च्या तेलाची धार सोडायची, हे त्याचे नेहमीचे जेवण.

५/ तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत कपाशी व ज्वारीबरोबर तीळ आणि जवस पिकत. काटेरी करडई ज्वारीच्या कडेने पेरली की गुरे शेतात शिरत नसत आणि घरापुरते तेलही मिळे. सातपुड्यात मोहाच्या टोळंबीचे तेल काढले जाई. लाकडी घाण्यावर बैल फिरे. तेल माणसाला आणि पेंड गुरांना, असा हिशेब असे.

६/ १८६० च्या दशकात जळगाव-भुसावळ लोहमार्गाने मुंबईला जोडले गेले आणि शेतमाल बंदराकडे वाहू लागला. मुंबईहून युरोपात जाणाऱ्या तेलबियांत जवस आणि तीळ प्रमुख होते. तिकडे जवसाच्या तेलापासून रंग आणि जमिनीवर अंथरायचे लिनोलियम बनू लागले. लिनोलियमच्या नावातही तोच 'लिनम' आहे.

७/ तेलबिया पिकवणाऱ्या मुलखातही प्रत्येकाच्या ताटात तेल पडत नव्हते. सालदार आणि शेतमजूर यांच्या घरी बाजारातून तेल आणायचे ते थेंबाथेंबाने वापरण्यासाठी. १८९९-१९०० च्या 'छप्पनच्या दुष्काळा'त खानदेश होरपळला. दुष्काळात धान्याचीच भ्रांत असते, तिथे तेल आणि पालेभाजी ताटातून सर्वांत आधी नाहीशी होतात.

८/ १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे म्हणून ओळखले गेले. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. तेथील खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्‌घाटन गांधीजींनी केले. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ आणि गूळ हा त्यांच्या ग्रामोद्योग संघाचा आग्रहाचा विषय होता. त्यांच्या दृष्टीने तो रोजगाराचा प्रश्न होता, तसाच पोषणाचाही.

९/ नऊ वर्षांनी त्याच जिल्ह्यात उलट दिशेचे पाऊल पडले. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. भुईमुगाचा हा पट्टा, म्हणून वनस्पती तुपाचा कारखाना येथे उभा राहिला. आजची विप्रो ती हीच.

१०/ वनस्पती तूप करताना निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन मिसळतात. तेल घट्ट होते आणि अधिक टिकते. पण लिनोलिइक आम्लाचा मोठा भाग त्यात नष्ट होतो. पुढे कायद्याने त्यात अ जीवनसत्त्व घालणे सक्तीचे झाले. गेलेले आम्ल मात्र परत आले नाही. अर्थात खरखरीत त्वचेचा दोष या डब्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. ज्यांना हा विकार जडत होता, त्यांतील बहुतेकांच्या घरी कोणतेच तेल पुरेसे नव्हते.

११/ भारतातील संशोधनही त्याच दिशेने गेले. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करणारे डॉ. सी. गोपालन यांनी १९४७ मध्ये या विकाराच्या कारणांची फेरतपासणी केली. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली. तेथील संशोधकांनी १९६७ मध्ये रुग्णांच्या रक्तातील याच आम्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. करडईचे तेल आणि ब जीवनसत्त्वे हा उपचार पुढे रूढ झाला.

१२/ करडईच का? तिच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिइक आम्ल असते. तिळाच्या तेलात ते ४० टक्क्यांच्या आसपास, शेंगदाण्याच्या तेलात ३० च्या आसपास आणि खोबरेल तेलात जेमतेम २ टक्के. जवसात आज दुसरे आवश्यक आम्ल, लिनोलेनिक, अधिक असल्याचे आपण जाणतो. शेवग्याचा पाला, मेथी आणि गाजर यांतून अ जीवनसत्त्वाची सोय होते.

१३/ मग हळद-तेलाच्या मालिशीचे काय? तेलाने कातडी मऊ होते, त्याचा थोडा अंश आत शोषलाही जातो; मूळ उणीव मात्र ताटातूनच भरावी लागते. शिवाय अशाच दिसणाऱ्या पुळ्या अनेकांना आनुवंशिक असतात आणि त्या आहाराने जात नाहीत. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांचा अतिरेक विषारी ठरतो.

१४/ म्हणून जवसाच्या चटणीला 'प्राचीन गुप्त उपाय' म्हणताना थोडे थांबावे. ते साधे रोजचे अन्न होते, आणि ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या कातडीवर त्या अभावाची नोंद उरली. इतिहासाच्या कागदांत सालदाराच्या ताटाची नोंद क्वचितच सापडते. आपल्या घरात ऐंशी-नव्वदीचे कुणी असेल, तर एवढे जरूर विचारा : लहानपणी घरात तेल कोणते होते, ते कुठून येई, आणि महिनाभर पुरे का? उत्तर या धाग्याखाली अवश्य लिहा.