मुखत्यारपत्र (यवतमाळ जिल्हा)

मुखत्यारपत्र : आपल्या वतीने व आपल्या नावे कामे करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा लेख. अधिकार देणारी व्यक्ती ‘लिहून देणार’ आणि तो स्वीकारणारी ‘मुखत्यार’ होय. एखाद्या ठरावीक कामापुरते असल्यास खास मुखत्यारपत्र, सर्वसाधारण कारभारासाठी असल्यास आममुखत्यारपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यात त्याचा वापर मुख्यतः शेतजमिनीसंबंधी होतो. नोकरीनिमित्त पुण्याला किंवा नागपूरला राहणारे वारस गावाकडची मोजणी, फेरफार, पीककर्ज, कोर्टाची तारीख किंवा विक्री यांसाठी घरातल्याच कोणाला तरी मुखत्यार नेमतात.

इतिहास : हा जिल्हा ज्यात मोडतो ते वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिश कारभाराखाली असले, तरी नावाने निजामाचा मुलूख होते, म्हणून ब्रिटिश कायदे येथे स्वतंत्र आदेशांनी लागू होत. १९४१ च्या ‘बेरार लॉज अ‍ॅक्ट’ने अनेक केंद्रीय कायदे वऱ्हाडाला एकत्रितपणे लागू झाले.

कायदेशीर आधार : मुखत्यारपत्र अधिनियम, १८८२ हा मूळ कायदा अवघ्या काही कलमांचा आहे. मुखत्याराची नेमणूक, जबाबदारी व नेमणुकीची समाप्ती यांचे नियम भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात (कलमे १८२ ते २३८) आहेत. साक्षांकन व नोंदणी यांना नोंदणी अधिनियम, १९०८ आणि मुद्रांकाला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ लागू होतो.

पात्रता : लिहून देणारी व्यक्ती सज्ञान व मनाने स्वस्थ असावी लागते (करार अधिनियम, कलम १८३). मोबदला आवश्यक नाही (कलम १८५). १८८२ च्या अधिनियमाच्या कलम ५ नुसार सज्ञान विवाहित स्त्री, ती अविवाहित असती तर जसा नेमला असता तसाच, स्वतःच्या अधिकारात मुखत्यार नेमू शकते. तिच्या नावावरच्या शेतीसाठी पतीची सही वा संमती मागण्यास या कायद्यात कोणताही आधार नाही, ही बाब गावोगाव पोहोचायला हवी.

मुद्रांक : विक्रीचा अधिकार मोबदल्याविना देणारे मुखत्यारपत्र आई-वडील, भावंडे, पती-पत्नी, मुले, नातवंडे अशा जवळच्या नातलगाला दिल्यास ५०० रुपये मुद्रांक लागतो. परक्याला दिल्यास खरेदीखताइतके, म्हणजे बाजारमूल्यावर आधारित शुल्क भरावे लागते (अनुसूची १, अनुच्छेद ४८). पुतण्या, भाचा, जावई यांना ‘जवळचा नातलग’ मानायचे की नाही, हे प्रकरणपरत्वे ठरते. कमी मुद्रांकाचा दस्त फरक व दंड भरल्याखेरीज पुराव्यात घेतला जात नाही.

साक्षांकन : जिल्ह्यातील सोळाही तालुक्यांत सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आढळतो. मुखत्याराने दुसऱ्याचा दस्त दुय्यम निबंधकासमोर नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर त्याचे मुखत्यारपत्र नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे साक्षांकित असावे लागते. हे साक्षांकन लिहून देणाऱ्याच्या राहत्या ठिकाणच्या निबंधकाकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे होते. जमीन कुठे आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. दारव्ह्याच्या शेतीसाठी पुण्यात राहणाऱ्या मालकाने पुण्यातच हजर व्हावे. साक्षांकन व नोंदणी या दोन वेगळ्या बाबी आहेत. स्थावर मिळकतीच्या हस्तांतरणासंबंधीच्या अपरिवर्तनीय मुखत्यारपत्राची नोंदणी मात्र महाराष्ट्राच्या दुरुस्तीने सक्तीची झाली आहे.

आजारपणामुळे धोका वा मोठा त्रास झाल्याशिवाय कार्यालयात येऊ न शकणारी व्यक्ती, कैदी आणि न्यायालयातील व्यक्तिगत हजेरीतून कायद्याने सूट मिळालेली व्यक्ती यांना कार्यालयात यावे लागत नाही. लेख स्वेच्छेने केला आहे अशी खात्री झाल्यास निबंधक त्यांच्या हजेरीविना साक्षांकन करू शकतो. खात्रीसाठी तो घरी किंवा तुरुंगात जाऊ शकतो अथवा आयोग नेमू शकतो. मुखत्याराने स्वतः सही केलेला दस्त सादर करताना कलम ३३ लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रजनी टंडन प्रकरणात (२००९) म्हटले. तरी साक्षांकित वा नोंदवलेला लेख जोडणेच सुरक्षित मानले जाते.

घोषणापत्र : मुखत्यारामार्फत दस्त नोंदवताना मुखत्याराचे स्वतंत्र घोषणापत्र जोडले जाते. लिहून देणाऱ्याने मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, लिहून देणाऱ्यांपैकी कोणी मयत झालेले नाही व मुखत्यारपत्र अन्य कारणानेही रद्दबातल ठरलेले नाही, असे त्यात लिहिलेले असते. कथन चुकीचे आढळल्यास नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे शिक्षेस पात्र राहीन, हे शेवटचे वाक्य असते. मुखत्याराने सही करण्यापूर्वी हा कागद पूर्ण वाचावा. लिहून देणार निरक्षर असेल तर अंगठा घेण्यापूर्वी मुखत्यारपत्रातील प्रत्येक अधिकार, विशेषतः ‘विक्री’, ‘गहाण’ व ‘मोबदला स्वीकारणे’ हे शब्द, त्याला मोठ्याने वाचून दाखवणे हे दस्तलेखकाचे कर्तव्य आहे.

भाषा : दस्त मराठीत लिहिण्याची रीत आहे. तेलंगणाच्या सीमेलगतच्या वणी, झरी-जामणी, केळापूर भागात तेलुगूतील मुखत्यारपत्र पुढे आले व ते अधिकाऱ्याला समजत नसले, तर नोंदणीसाठी खरे भाषांतर व खरी नक्कल जोडावी लागते (नोंदणी अधिनियम, कलम १९).

परदेशस्थ लिहून देणार : नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वकिलातीतील अधिकारी यांच्यासमोर लेख करावा लागतो. महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा.

आदिवासी जमीन : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीने द्यायची तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते. कलमात विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा यांच्यापुढे ‘अथवा अन्यथा’ असेही शब्द आहेत. त्यामुळे कोलाम, गोंड कुटुंबांकडून मुखत्यारपत्र लिहून घेऊन ही मंजुरी टाळता येत नाही. मारेगाव, राळेगाव, केळापूर व घाटंजी तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

बँक : बहुतेक बँका स्वतःच्या नमुन्यातील अधिकारपत्र मागतात.

मर्यादा : मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, सूरज लॅम्प प्रकरणात (११ ऑक्टोबर २०११) सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्रावर होणाऱ्या ‘विक्री’ला हस्तांतरण मानण्यास नकार दिला. इच्छापत्र करणे, विवाह, मतदान ही कामे मुखत्याराकडे सोपवता येत नाहीत. लिहून देणाऱ्याच्या वैयक्तिक माहितीतील गोष्टींबद्दल मुखत्यार त्याच्याऐवजी साक्ष देऊ शकत नाही (जानकी भोजवानी प्रकरण, २००५).

समाप्ती : लेखी रद्द करणे, काम पूर्ण होणे, कोणाही एकाचा मृत्यू किंवा बुद्धिभ्रंश यांनी मुखत्यारी संपते (करार अधिनियम, कलम २०१). मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेली मुखत्यारी याला अपवाद आहे (कलम २०२). रद्द केल्याचे मुखत्याराला व त्रयस्थांना कळेपर्यंत त्यांच्यापुरते रद्द होणे लागू होत नाही (कलम २०८), म्हणून नोटीस देऊन तिची पोच जपावी. नवऱ्याने हयातीत बायकोला दिलेले मुखत्यारपत्र त्याच्या पश्चात निरुपयोगी ठरते. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात अनेक विधवांना हे तलाठ्यासमोर उभे राहिल्यावरच कळते. त्यांनी मुखत्यारपत्रावर विसंबून न राहता जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत वारस फेरफारासाठी कळवावे व सातबारावर स्वतःचे नाव चढवून घ्यावे.