फी कोण भरतो? पोंभुर्ण्याहून पाहिलेला १६७ वर्षांचा इतिहास

१/ ८ जुलै २०२४. महाराष्ट्र शासनाचा एक निर्णय निघाला. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यापुढे ५० ऐवजी १०० टक्के शासन देणार.

२/ या निर्णयात दोन शुल्कांची नावे वेगळी आहेत : ‘शिक्षण शुल्क’ आणि ‘परीक्षा शुल्क’. एकच का नाही? उत्तर शोधायला १८५७ पर्यंत मागे जावे लागते. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ते शिकवत नसे, परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. म्हणून एक पैसा महाविद्यालयाला, दुसरा विद्यापीठाला. आजच्या पावतीवरचे हे दोन रकाने त्या काळाचा वारसा होत.

३/ फी घ्यावीच का, हा प्रश्नही तेव्हाचाच. १८५४ च्या वुडच्या खलित्याची भूमिका अशी होती की, अनुदानित शाळांनी थोडी तरी फी घ्यावी. फुकट मिळालेल्या शिक्षणाची लोकांना किंमत नसते. हा युक्तिवाद पुढे दीडशे वर्षे वेगवेगळ्या वेशांत पुन्हा पुन्हा भेटतो.

४/ १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी नेमका उलटा हिशेब मांडला. सरकारी महसुलाचा मोठा वाटा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. म्हणजे ज्याची मुले शाळेत नाहीत, त्याने फी आधीच भरलेली असते! खलिता विचारत होता, ‘विद्यार्थी काय देतो?’ फुले विचारत होते, ‘आजवर कोणी दिले आणि कोणाला मिळाले?’

५/ आता आपल्या भागाकडे येऊ. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. पदवी घ्यायची तर नागपूर गाठायचे. तिथल्या महाविद्यालयांच्या पदव्या आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या असत. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी. जंगलपट्ट्यातल्या मुलाच्या खर्चात फी हा एकच आकडा होता. प्रवास, खोली, जेवण हे आकडे कोणत्याही पावतीवर नव्हते.

६/ मार्च १९२७. मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अंदाजपत्रकावर बोलत होते. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी ३६ टक्के, माध्यमिक शाळांच्या खर्चापैकी ३१ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होते, हे आकडे त्यांनी सभागृहापुढे ठेवले आणि याला शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. ज्या समाजाने नुकताच शाळेचा उंबरठा ओलांडला आहे, त्याच्यासाठी फी ही भिंत ठरते, हा त्यांचा मुद्दा होता.

७/ ते पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर, १९४० च्या दशकात, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. काही वर्षांत ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड व माडिया कुटुंबांतील पहिल्या पदवीधरांच्या पिढ्यांना या शिष्यवृत्तीचा आधार मिळाला.

८/ महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास आणखी एक कसोटी आली : उत्पन्नाची. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारात बाळासाहेब देसाई यांच्या पुढाकाराने वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळाली. जुनी माणसे आजही ‘ईबीसी’ म्हणतात ती हीच सवलत.

९/ १९८३ मध्ये वारे फिरले. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, आणि संपूर्ण खर्च विद्यार्थ्याकडून वसूल करणारी व्यवस्थाही उभी राहिली. ‘फी किती असावी’ हा प्रश्न आता न्यायालयात पोहोचला.

१०/ १९९३ : उन्नीकृष्णन खटला, निम्म्या जागा मोफत, निम्म्या पैसे भरून. २००२ : टी. एम. ए. पै निकालाने ती योजना रद्द. २००५ : इनामदार निकाल, संस्थांना फी ठरवण्याची मोकळीक, मात्र नफेखोरीला मज्जाव. २०१५ : महाराष्ट्राचा कायदा आणि शुल्क नियामक प्राधिकरण.

११/ जगातही हा काळ उलथापालथीचा होता. इंग्लंडमध्ये देशांतर्गत विद्यार्थ्यांना १९९८ पर्यंत फी नव्हती. त्या वर्षी १००० पौंड, २००६ मध्ये ३०००, २०१२ मध्ये कमाल ९००० पौंड! मोठी वाढ नव्याने प्रवेश घेणाऱ्यांवर पडे. ही एक जुनी खुबी आहे : ज्याला पैसे भरायचे आहेत, तो विरोध करायला अजून वर्गात आलेलाच नसतो.

१२/ इकडे २ ऑक्टोबर २०११ रोजी गोंडवाना विद्यापीठाचे काम गडचिरोलीत सुरू झाले. कार्यक्षेत्र : चंद्रपूर आणि गडचिरोली. पोंभुर्ण्याच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतल्या चुकीसाठी नागपूरला खेपा घालण्याची गरज उरली नाही. अंतर कमी होणे हीसुद्धा फीमाफीच आहे. तिची नोंद कोणत्याही शासन निर्णयात होत नाही, एवढेच.

१३/ म्हणून २०२४ चा निर्णय पोंभुर्ण्याहून वाचून पाहा. धानपट्ट्यातल्या एखाद्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. जवळचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय चंद्रपूरला, १९९६ पासूनचे. दोन शुल्के माफ झाली. खोलीचे भाडे, खानावळ, बसभाडे आणि पावतीवरची ‘इतर शुल्के’ उरली. आणि वर एक शब्द उरला : ‘प्रतिपूर्ती’. म्हणजे शासन देईल, पण नंतर देईल. तोवर संस्थेने थांबायचे की पालकाने उसने आणायचे, यावर मुलीचा प्रवेश ठरतो.

१४/ १८५४ पासून आपण विचारत आलो, ‘फी किती?’ फुल्यांनी विचारले, ‘कोणाच्या पैशातून?’ बाबासाहेबांनी विचारले, ‘कोण बाहेर राहते?’ पोंभुर्णा त्यात आपला एक प्रश्न जोडते : ‘पैसे आधी कोण भरणार?’ पुढच्या वेळी फीच्या बदलाची बातमी वाचाल, तेव्हा हे चारही प्रश्न तिला विचारा. एकाचे जरी उत्तर मिळाले नाही, तर बातमी अर्धीच आहे असे समजा.

(समाप्त)