आवाज आला, मजकूर हरवला : ह्युजेन्सच्या रेडिओची गोष्ट

मुलांना इमला, म्हणजे श्रुतलेखन, घालणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट ठाऊक असते. सांगणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा वेग जुळला नाही, तर आवाज स्वच्छ ऐकू येऊनही वही चुकते. एक शब्द सुटला की पुढची सगळी ओळ सरकते. डिजिटल रेडिओचेही नेमके असेच असते.

रेडिओवरून येणारा डिजिटल संदेश म्हणजे शून्य आणि एक यांची लांबलचक रांग. ती वाचण्यासाठी रिसीव्हरला तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिली, संदेश वाहून आणणाऱ्या लहरीची वारंवारता. दुसरी, एक बिट कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, ती लय. तिसरी, मजकुराची सुरुवात. या सुरुवातीसाठी आधी ठरलेली बिटांची एक खूण पाठवतात. तिला प्रिअँबल किंवा सिंक शब्द म्हणतात. आर. एच. बार्कर यांनी 1953 मध्ये अशा खुणांचा एक गट मांडला. त्यातली सर्वांत लांब खूण 13 बिटांची आहे. ती स्वतःशी तंतोतंत जुळली तर बेरीज 13 येते आणि एक घर जरी सरकली तरी 1 च्या वर जात नाही. त्यामुळे गोंगाटातही सुरुवात ओळखता येते. मात्र खूण कितीही उत्तम असली तरी बिटांची लय चुकली, तर ती सापडत नाही.

याची मोठी किंमत एका अंतराळ मोहिमेला मोजावी लागणार होती. 15 ऑक्टोबर 1997 रोजी कॅसिनी यान शनीकडे निघाले. त्याच्या अंगावर युरोपीय अंतराळ संस्थेचे ह्युजेन्स हे छोटे यान होते. ह्युजेन्सने शनीच्या टायटन या चंद्रावर उतरायचे, मोजमापे आणि छायाचित्रे कॅसिनीकडे पाठवायची आणि कॅसिनीने ती पृथ्वीवर पोचवायची, अशी योजना होती. संधी एकदाच मिळणार होती आणि तीही काही तासांची.

यान वाटेत असताना नियमित तपासण्या होत आणि सारे ठीक दिसे. जर्मनीत डार्मस्टाट येथील केंद्रात काम करणारे स्वीडिश अभियंता बोरिस स्मेड्स यांचे मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. नुसती वाहक लहर पाठवून काय कळणार? टायटनजवळ प्रत्यक्षात जसा येईल तसाच, मजकुरासह आणि वारंवारता बदललेला संकेत कॅसिनीला ऐकवून पाहावा, असा त्यांचा आग्रह होता. हे फार गुंतागुंतीचे आणि अनावश्यक आहे, असे आक्षेप आले. अखेर परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी 2000 मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या अँटेनावरून ही चाचणी झाली. वाहक लहर कॅसिनीला व्यवस्थित मिळाली. पण मजकूर छिन्नविच्छिन्न होऊन परत आला. वेगाचा परिणाम काढून टाकला की तोच मजकूर नीट वाचता येई.

दोष डॉप्लर परिणामात दडला होता. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी उंच ऐकू येते, तसाच हा प्रकार. मूळ योजनेत कॅसिनी ह्युजेन्सच्या दिशेने सेकंदाला सुमारे साडेपाच किलोमीटर वेगाने जाणार होते. त्यामुळे सुमारे 2 अब्ज हर्ट्झची लहर 38 हजार हर्ट्झने सरकणार होती. रचनाकारांनी हा फरक धरला होता. पण लहरीबरोबर बिटांची लयही तेवढ्याच प्रमाणात बदलते. सेकंदाला 8192 बिट येत असतील, तर फरक पडतो जेमतेम 0.15 बिटाचा. फरक क्षुल्लक दिसतो, पण लय पकडणारे सर्किट इतके काटेकोर ठेवले होते की त्याला तेवढाही झेपत नव्हता. उड्डाणापूर्वी पूर्ण साखळीची अशी चाचणी झालीच नव्हती. त्यातून ही मर्यादा रिसीव्हरमध्ये कायमची कोरलेली. पृथ्वीवरून एक आकडासुद्धा बदलता येत नव्हता.

रिसीव्हर बदलता येत नाही म्हटल्यावर वाट बदलली. दोन्ही संस्थांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये नवा मार्ग आखला. टायटनपासून 1200 किलोमीटरवरून जाण्याऐवजी कॅसिनीने सुमारे 60 हजार किलोमीटरवरून, बाजूने जायचे. म्हणजे ह्युजेन्सच्या दिशेचा वेग कमी आणि लयीतला फरकही कमी. त्यासाठी उतरण्याचा दिवस नोव्हेंबर 2004 वरून पुढे ढकलला.

14 जानेवारी 2005 रोजी ह्युजेन्स टायटनवर उतरले. सुमारे 350 छायाचित्रे आली. वाळलेल्या नद्यांची पात्रे दिसली. संकेत दोन मार्गिकांवर येत होते. त्यातल्या एका मार्गिकेचा रिसीव्हर सुरू करण्याचा हुकूमच आज्ञावलीतून राहून गेला आणि जवळपास तितकीच छायाचित्रे गेली. त्याच मार्गिकेच्या लहरीवरून टायटनवरचे वारे मोजायचे होते. पण ग्रीन बँक आणि पार्क्स येथील दुर्बिणींनी पृथ्वीवरूनच ती क्षीण लहर पकडली आणि तिच्या सरकण्यावरून वाऱ्याचा वेग निघाला. ज्या डॉप्लरने मोहीम धोक्यात आणली होती, त्यानेच इथे हात दिला.

आज हेच काम सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ करतो. त्यात लय पकडण्याचे काम सर्किटाकडून काढून प्रोग्रामकडे दिलेले असते. आकडा चुकला तर तो बदलून पुन्हा चालवता येतो आणि साठवलेला संकेत हवा तितक्या वेळा तपासता येतो. स्वस्त उपकरण घेऊन बसलेला विद्यार्थीही हे करू शकतो. पडद्यावर लहर दिसते पण प्रिअँबल सापडत नाही, अशी तक्रार असेल, तर खूण शोधणाऱ्या भागाला दोष देण्याआधी वारंवारता आणि मग बिटांची लय तपासावी. क्रम महत्त्वाचा आहे.

ह्युजेन्स वाचले ते एका माणसाने ‘ऐकू येते’ या उत्तरावर समाधान मानले नाही म्हणून. समोरच्याला काय उमगले, हे विचारण्याचा त्रास त्याने घेतला आणि तोही वेळेत, पाच वर्षे आधी.