घाटकोपरचा रंगीत छापखाना: देव घरोघरी पोहोचले, हिशेब मात्र जुळला नाही

१/
कमळावर उभी लक्ष्मी आणि हाती वीणा घेतलेली सरस्वती. महाराष्ट्रातील असंख्य जुन्या घरांत या दोन तसबिरी पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर आहेत. त्यांची वंशावळ शोधत मागे गेलो, तर आपण आजच्या घाटकोपरला पोहोचतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला रंगीत शिळाछपाईचा कारखाना तिथे होता. आजचा धागा त्या कारखान्याच्या जमाखर्चाविषयी आहे.

२/
चित्रकाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या धंद्याविषयी कमी बोलले जाते. या कारखान्याची चित्रे देशभर गेली, तरी अवघ्या पाच वर्षांत तो कर्जात रुतला आणि पुढे विकावा लागला. नव्या मालकाने नाव तेच ठेवले, पुष्कळशी चित्रेही तीच छापली, आणि कारखाना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालला. मग फरक कुठे पडला?

३/
कल्पनेचा उगम एका मराठी माणसाच्या सल्ल्यात सांगितला जातो. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. त्यांनी रविवर्मांना कळवले होते की, आपल्या चित्रांना मागणी इतकी आहे की दोन हातांनी ती पुरी होणे शक्य नाही. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढून घ्याव्यात.

४/
मागणीचा अंदाज हवेतला नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी रविवर्मांकडून १४ पौराणिक चित्रे करवून घेतली. ती लोकांना पाहण्यासाठी मांडली तेव्हा गर्दी लोटली. त्यांच्या छायाचित्रांनाही गिऱ्हाईक मिळाले. पुढे १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात रविवर्मांच्या चित्रांना पारितोषिके मिळाली. आजच्या भाषेत बोलायचे तर जाहिरात आधीच झाली होती. उणीव होती ती सामान्य माणसाला परवडेल अशा मालाची.

५/
या बाजारात रविवर्मा पहिले नव्हते. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना निघाला होता. त्याच सुमारास कलकत्त्यात कलकत्ता आर्ट स्टुडिओ देवादिकांची चित्रे छापू लागला होता. परदेशी छपाईचा मालही येतच होता. स्पर्धा होती, तैलचित्राची खोली आणि झळाळी असलेली प्रत देणे हे या नव्या कारखान्याचे वेगळेपण ठरणार होते.

६/
भांडवलासाठी मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाव मखनजी भागीदार झाले. यंत्रे आणि कारागीर जर्मनीतून आले. घाटकोपर तेव्हा मुंबई बेटाच्या बाहेरचे, साष्टीतील, ठाणे जिल्ह्यातले गाव होते. १८५३ साली सुरू झालेला बोरीबंदर ते ठाणे लोहमार्ग याच परिसरातून जात असे. शहराबाहेरची जागा, शेजारून रेल्वे आणि पलीकडे बंदर: मोठ्या छापखान्याला सोयीचे ठिकाण.

७/
आता छपाई कशी होई ते पाहू, कारण नफातोट्याचे मूळ तिथे आहे. शिळाछपाईला लागणारा उत्तम चुनखडी दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतून येई. त्यावर तेलकट शाईने रेखाटन होई. पाणी आणि तेल एकमेकांना झिडकारतात, या एका तत्त्वावर ही कला उभी आहे. दगड ओला केला की रेखाटलेल्या जागीच शाई धरते.

८/
रंगीत चित्राला प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड लागे. चांगल्या चित्राला दहा-बारा दगड सहज लागत, कधी त्याहून अधिक. तोच कागद तितक्या वेळा यंत्रातून काढायचा आणि दर वेळी रंग केसभरही न सरकता नेमका जागी बसवायचा. शेवटी वार्निश चढवून तैलचित्राची चमक आणायची. अशा प्रतीला ओलिओग्राफ म्हणत.

९/
यात भांडवल कसे अडकते ते ध्यानात घ्या. चित्र पुन्हा छापायचे असेल तर त्याचे सगळे दगड तसेच राखून ठेवावे लागतात. दगड मोकळे करायचे तर ते घासून जुने चित्र कायमचे पुसावे लागते. म्हणजे मालकापुढे सतत एकच पेच: कोणते चित्र पुढच्या हंगामातही चालेल? अंदाज चुकला, तर एकतर दगड अडकतात किंवा चालणारे चित्र हातचे जाते.

१०/
या कारखान्याचे पहिले चित्र म्हणून ‘शकुंतला जन्म’ याचे नाव घेतले जाते. मेनका तान्ही मुलगी पुढे करते आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवतो आहे, असा तो प्रसंग. मात्र घरोघरी जी चित्रे पूजेला लागली ती लक्ष्मी आणि सरस्वतीची. त्यांना साडी नेसवून रविवर्मांनी देवीला घरातल्या बाईचे रूप दिले. मद्रास, काठेवाड किंवा वऱ्हाड, कुठल्याही घरात ती परकी वाटली नाही.

११/
याचा सामाजिक परिणाम मोठा होता. ज्यांना देवळाच्या पायरीवरूनच परतावे लागे, त्यांच्या घरातही आता देवाची झळझळीत मूर्ती कागदावर येऊ शकत होती. पुजारी नको, गाभारा नको. काही घरांत या चित्रांवर जर, टिकल्या आणि कापड शिवून देवीला दागदागिने आणि वस्त्रे चढवली गेली. असे सजवलेले ओलिओग्राफ आजही संग्रहांत पाहायला मिळतात.

१२/
पण देवाच्या तसबिरीचा धंदा पंचांगाने बांधलेला असतो. शारदीय नवरात्रात सरस्वतीपूजन, दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि नव्या चोपड्यांची पूजा. मग पीक घरात येते, हाती पैसा खुळखुळतो, जत्रा भरतात, लगीनसराई लागते. आश्विनापासून वैशाखापर्यंत तसबीर विकली जाते. ज्येष्ठ-आषाढात शेतकरी पेरणीत आणि बाजार ओस. यंत्र, भाडे आणि जर्मन कारागिरांचे पगार मात्र बाराही महिने चालू.

१३/
पावसाळ्यात माल करून ठेवावा आणि दिवाळीत विकावा, हा सरळ उपाय वाटतो. शिळाछपाईत तोही सोपा नाही. दमट हवेत कागद ओलावा पितो आणि फुगतो. पहिला रंग कोरड्या दिवशी आणि सातवा भरपावसात चढवला, तर दोन्ही नेमके जुळत नाहीत. ओठांचा रंग ओठांबाहेर जातो. वार्निश वाळायलाही वेळ लागतो. कोकणच्या हवेत हा धंदा करणाऱ्याला पावसाशी रोजची झुंज होती.

१४/
तशात सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. गिरण्यांना मजूर मिळेनात. रविवर्मांच्या छापखान्यालाही साथीची झळ लागली. १८९७ चा साथरोग कायदा, घरझडत्या, रेल्वेस्थानकांवरची तपासणी: माणसे आणि माल दोहोंची ये-जा अवघड झाली.

१५/
या साथीचाही एक ऋतू होता, आणि तो व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट होता. मुंबईत प्लेग हिवाळ्यात चढे, फाल्गुन-चैत्रात कळस गाठे आणि पावसाळ्यात ओसरे. म्हणजे तसबिरी खपण्याचे जे महिने, तेच मरणाचे महिने. साथ एका वर्षात संपली नाही. दर हिवाळ्यात परतत राहिली. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ. धान्याला पैसा नाही तिथे तसबीर कोण घेणार?

१६/
दरम्यान भागीदारी मोडली आणि सारा भार रविवर्मा व त्यांचे बंधू सी. राजराज वर्मा यांच्यावर आला. दोघे मुळात चित्रकार. संस्थानिकांची व्यक्तिचित्रे काढण्यासाठी त्यांना सतत दूरदेशी हिंडावे लागे. छापखान्याला रोज डोळ्यांत तेल घालून पाहणारा मालक हवा होता आणि मालक वर्षातले कितीतरी महिने प्रवासात. कर्ज वाढत गेले.

१७/
१८९९ मध्ये कारखाना घाटकोपरहून लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला. शहराच्या साथीपासून दूर, मुंबई-पुणे लोहमार्गावर, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. मोकळी जागा मिळाली, पण लोणावळ्याचा पाऊस मुंबईहूनही अधिक. जागा बदलली म्हणून धंद्याची रीत बदलली नाही. नव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच वर्मा बंधूंनी तो विकला.

१८/
घेणारा होता त्यांचाच जर्मन तंत्रज्ञ, फ्रित्झ श्लायखर. ८९ चित्रांच्या पुनर्मुद्रणाच्या हक्कांसह २५,००० रुपयांना हा व्यवहार झाल्याची नोंद मिळते. राजराज वर्मा १९०५ मध्ये आणि रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी वारले. ‘रविवर्मा प्रेस’ हे नाव मात्र चित्रांखाली छापले जातच राहिले. चित्रकाराच्या हातून गेलेली सर्वांत मोलाची वस्तू कदाचित हे नावच असावे.

१९/
श्लायखरने काय केले? रविवर्मांची चालणारी चित्रे छापणे सुरू ठेवले, नव्या चित्रांसाठी इतर चित्रकार घेतले आणि त्या जोडीला व्यापारी लेबले व जाहिरातींची छपाई घेतली. रविवर्मांच्या परंपरेतले देव आता कंपन्यांच्या दिनदर्शिकांवरही झळकू लागले. कलासमीक्षकाला ही घसरण वाटेल. हिशेबनीसाला मात्र यात एक मूलभूत बदल दिसेल.

२०/
तसबीर आधी छापावी लागते आणि गिऱ्हाईक मागाहून शोधावे लागते. न खपलेला माल मालकाच्या माथी. लेबलात गिऱ्हाईक आधी येते, किती प्रती हव्यात ते सांगते आणि न खपण्याची जोखीम स्वतःकडे घेते. साबण, औषध, कापड बाराही महिने विकले जाते, तेव्हा लेबलही बाराही महिने लागते. दिनदर्शिकेची मागणी तर वर्ष उजाडण्याच्या कितीतरी आधी नोंदवावी लागते. जे यंत्र मंद महिन्यांत पगार खात बसे, त्याला या कामाने काम दिले.

२१/
विक्रीची साखळीही महत्त्वाची. मुंबईच्या मोती बाजारातील अनंत शिवाजी देसाई या चित्रविक्रेत्यांचे नाव या छापखान्याच्या कितीतरी चित्रांवर आढळते. छापणारा मळवलीत, विकणारा मुंबईच्या ऐन पेठेत. रविवर्मांची चित्रे पोस्टकार्डांच्या रूपानेही निघाली. ज्याला मोठी तसबीर परवडत नाही, तो निदान एक कार्ड घेई.

२२/
या छापखान्याशी संबंध आलेला एक तरुण पुढे फार मोठा झाला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी रविवर्मा प्रेससाठी छपाईचे काम केले, मग लोणावळ्यातच स्वतःचा छापखाना काढला आणि तो दादरला आणून ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ केला. रंगीत छपाईच्या सामग्रीसाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. भागीदारांशी बिनसल्यावर तो धंदा सोडला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला.

२३/
रविवर्मांना धंदा कळला नाही, असा निकाल देणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे. कोणते चित्र सर्व प्रांतांत चालेल हे त्यांना अचूक कळले होते. त्यांनी घडवलेल्या प्रतिमांवरच श्लायखरचा कारखाना पुढे उभा राहिला. घाटकोपरची पाच वर्षे ही बाजार तयार करण्याची महागडी वर्षे होती. त्यांची किंमत चित्रकाराने चुकवली, फळ तंत्रज्ञाला मिळाले.

२४/
वर्षातून काही महिनेच विकली जाणारी वस्तू घडवणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न आजही आहे. गणपतीचे मूर्तिकार, आकाशकंदील करणारे, दिवाळी अंक काढणारे: सगळ्यांचे उत्पन्न एका हंगामात येते आणि खर्च बारमाही असतो. चांगली कलाकृती गिऱ्हाईक आणते; उरलेले आठ महिने कशावर काढायचे, याचे उत्तर तिच्यात नसते. ते वेगळे शोधावे लागते.

२५/
१९७२ मध्ये मळवलीचा कारखाना आगीत भस्मसात झाला; छापील चित्रांचा मोठा साठाही त्यात गेला. त्यामुळे या इतिहासाचे बरेच पुरावे आता घरांतच उरले आहेत. आजीच्या घरी जुनी तसबीर असेल तर तिच्या खालच्या कडेवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचा. रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा, मुंबई यांपैकी काही दिसले तर चौकटीतून न काढता तसाच फोटो घ्या आणि इथे टाका. जुना कागद ठिसूळ असतो. पुसायला ओले फडके मुळीच वापरू नका.